टेकडीवरची क्षमापना

मुंबईतील मलबार हिलच्या माथ्यावरचे सर फिरोजशहा मेहता उद्यान लोकांच्या तोंडी 'हँगिंग गार्डन' म्हणूनच रुळले आहे. या नावामुळे तेथे काहीतरी अधांतरी असेल, अशी लहानपणी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दक्षिण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या छतावर माती पसरून ही बाग फुलवलेली आहे. वर फुलझाडे आणि प्राण्यांचे आकार दिलेली झुडपे, तर पायाखाली सुमारे 15 कोटी लिटर पाण्याची साठवण. पाणी गाळून आणि झाकून ठेवण्याचा संस्कार असलेल्या आपल्या घरांना या रचनेचे मोल वेगळे सांगायला नको.

गेल्या पौषातील एका रविवारी आमचे कुटुंब येथे जमले. 'कुटुंब' हा शब्द लिहिताना संकोच वाटतो, कारण वडिलांच्या पश्चात दुकानाच्या वाटणीवरून दादा आणि मी सहा वर्षे एकमेकांच्या घरची पायरी चढलो नव्हतो. दर संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्'चा संदेश मात्र मोबाईलवर न चुकता जात-येत असे. जन्मभर बँकेत हिशेब तपासले. या नोंदीमागे शिल्लक काहीच नाही, हे मला कळत होते. तरीही मी गप्प राहिलो.

आईला नव्वदावे वर्ष लागले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुम्हा दोघांना एका जागी बसून जेवताना पाहायचे आहे." कोणी कोणाच्या घरी जायचे, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. अखेर माझ्या सूनबाईंनीच मार्ग काढला. "बागेत भेटा. ती कोणाच्याच वाटणीत आलेली नाही."

आधी वाळकेश्वरच्या बाबू अमीचंद पन्नालाल मंदिरात आदीश्वर भगवंतांचे दर्शन घेतले. प्रवेशद्वारातील दगडी हत्तीपाशी माझ्या नातवाने दादाच्या नातीला विचारले, "तुझे नाव काय?" एकाच घरातल्या मुलांना एकमेकांचे नाव विचारावे लागले! दादाने मान खाली घातली. माझीही वर होईना.

तेथून टॅक्सीने टेकडीवर गेलो. हँगिंग गार्डनसमोरचा रस्ता ओलांडला की कमला नेहरू उद्यान लागते. तेथील 'म्हातारीचा बूट' ठाऊक नाही असा मुंबईकर विरळाच. एका इंग्रजी बालगीतातील म्हातारी आपल्या असंख्य मुलांसह बुटात राहत असे, त्यावरून हे घर उभारले आहे. दोन्ही मुले वर चढून खिडकीतून हात हलवू लागली. खाली उतरल्यावर नातीने विचारले, "पणजी, एवढ्याशा बुटात सगळे मावायचे कसे?"

"दाटीवाटीने राहायचे, दुसरे काय!" आई म्हणाली आणि तिने आम्हा दोघांकडे पाहिले.

आईचा चौविहार असल्याने पाच वाजताच डबे उघडले. हिरवळीवर पाय नको, असे तिने बजावलेले; म्हणून बाकांवरच बसलो. समोर चौपाटीपासून मरीन ड्राइव्हपर्यंतची किनाऱ्याची कमान उन्हात झळकत होती. दादाने पहिला थेपला काढून, शाळेच्या दिवसांत देई तसा, निम्मा माझ्या हातावर ठेवला.

"चूक माझीही झाली," तो म्हणाला.

हे वाक्य मी सहा वर्षे मनात घोळवत होतो. धाकटा असून मला ते आधी म्हणता आले नाही. मी त्याच्या पायांशी वाकलो. आई काही बोलली नाही. तिने उकळलेल्या पाण्याचा पेला पुढे केला आणि सूर्याकडे बोट दाखवून म्हणाली, "लवकर आटपा."

वाटणीचे कागद जसे होते तसेच आहेत. त्यात बदल व्हावा, अशी आता इच्छाही नाही. मात्र येत्या संवत्सरीला मी संदेश पाठवणार नाही; दादाच्या घरी जाणार आहे. ज्यांच्या घरी अशी एखादी पायरी अडलेली असेल, त्यांनी एखादा रविवार आपल्या गावातील बागेसाठी राखून ठेवावा. तेथे कोणालाही कोणाचे पाहुणे व्हावे लागत नाही.