ताबा

अनुराग कश्यपचा ‘अग्ली’ (कान महोत्सवातील ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’, २०१३, आपल्याकडे प्रदर्शन डिसेंबर २०१४) मी प्रथम पाहिला तेव्हा पोलीस ठाण्यातल्या त्या लांबलचक प्रसंगाला पोटभर हसलो होतो. दहा वर्षांची काली मुंबईत भर रस्त्यात मोटारीतून नाहीशी झाली आहे, आणि गिरीश कुलकर्णींचा इन्स्पेक्टर जाधव तिच्या बापाला विचारतो आहे, फोन आला की पडद्यावर फोटो कसा दिसतो? गेल्या वर्षी तोच प्रसंग पुन्हा पाहिला. हसू आले नाही. मधल्या काळात ‘मुलीचा ताबा’ असे शब्द असलेल्या एका कागदावर मी सही केली होती.

ताबा हा शब्द आपण जमिनीसाठी वापरतो, आरोपीसाठी वापरतो आणि अपत्यासाठीही. या चित्रपटातले पौरुष त्या एका शब्दात मावते. राहुल हा कालीचा जन्मदाता, अयशस्वी नट. शौमिक बोस तिचा सावत्र बाप, पोलीस अधिकारी. दोघांचे वैर महाविद्यालयापासूनचे आणि त्याच्या मुळाशी शालिनी, म्हणजे कालीची आई. शौमिक बायकोचे फोन चोरून ऐकतो. काली हरवल्यावर जुन्या प्रतिस्पर्ध्याला बडवण्याची त्याला अधिकृत संधी मिळते.

जुन्या न्वारपटांतला गुप्तहेर कितीही मळलेला असला तरी सत्याच्या मागावर असे. इथे तपास हेच सूडाचे हत्यार होते. मामा, बापाचा मित्र, खुद्द आई, प्रत्येकाला त्या अपहरणात पैसा दिसू लागतो. राहुलचे रडणे खोटे नाही, आणि मला अस्वस्थ करते ते नेमके हेच. खरे प्रेम आणि जिंकण्याची ईर्षा एकाच छातीत सुखाने नांदू शकतात. या सगळ्यांच्या झटापटीत शेवटी सापडतो तो कालीचा मृतदेह.

रविवार माझ्या वाट्याला यावेत म्हणून मी हट्टाने भांडलो. तेव्हा मला मुलगी हवी होती की तिच्या आईवर मात, याचे उत्तर मला अजून प्रामाणिकपणे देता येत नाही. आता ती येते तेव्हा मोटारीत तिला क्षणभरही एकटी सोडत नाही. ते वात्सल्य असेल. ताब्यातल्या वस्तूची राखणही असेल.