अर्धवट पदवीचे श्रेयांक

अर्धवट सुटलेले शिक्षण वाया गेले, असे मानण्याची रीत आता बदलते आहे. श्रेयांक हे अध्ययनाचे मोजमाप असून राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाच्या १२०० तासांना ४० श्रेयांक मिळतात. २०२१ च्या नियमांनुसार सुरू झालेल्या ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये ते विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात आणि संस्था बदलली तरी कमाल सात वर्षांपर्यंत पदवीसाठी वापरता येतात. संगणक नेटवर्किंगसारख्या विषयाचे खासगी प्रमाणपत्र मात्र या खात्यात आपोआप जमा होत नाही, कारण त्यामागील अध्ययनाचे मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून व्हावे लागते. तरीही रात्रपाळीत सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे ज्ञान वर्गातल्या ज्ञानाहून कमी प्रतीचे नसते. म्हणून विद्यापीठांनी अशा मूल्यमापनाची सोय मनापासून करावी आणि शिक्षण सुटलेल्यांनी जुनी गुणपत्रके जपून ठेवावीत.