रिकामी झालेली शांतता

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो काउंटीतल्या अकिल बेटावर मुक्कामाला जाणारा माणूस बहुधा शांतता शोधत जातो. मीही तिच्यासाठीच गेले होते. चुन्याने पांढऱ्याशुभ्र केलेले दगडी कॉटेज, पुढे मेंढ्यांचे कुरण, पलीकडे अटलांटिक महासागर. ऊन आणि पाऊस दिवसभर आळीपाळीने येत. रात्री वाऱ्याखेरीज कसलाच आवाज नसे.

असे घर आतून पाहिले की बांधणाऱ्यांविषयी आदर वाटतो. भिंती हातभर जाड आणि खिडक्या लहान, कारण वारा थेट समुद्रावरून अंगावर येतो. बेटावर मोठी झाडे जवळजवळ नाहीत, म्हणून जेवढे लाकूड मिळेल तेवढीच खोलीची रुंदी. छपरे पूर्वी गवताने शाकारलेली असत. ती उडू नयेत म्हणून दोरांनी आवळून दोरांच्या टोकांना दगड बांधत. या घरात परक्या मुलखातून आणलेले फारसे काही नसे.

आणि भिंतीतली चूल. तिच्यात टर्फ जळतो, म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली काळी माती. दलदलीचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. मीटरभर खोलीवरची वीट म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीची हिरवळ. ऑक्टोबर 2022 च्या अखेरीपासून दुकानांत आणि इंटरनेटवर टर्फ विकायला बंदी आहे. ज्यांचा दलदलीवर वहिवाटीचा हक्क आहे त्यांना घरापुरता कापता येतो. या जमिनीत कार्बनचा प्रचंड साठा आहे, त्यामुळे निर्णय मला योग्य वाटतो. तरीही शेजारच्या वयस्कर शेतकऱ्याने आपल्यातला थोडा टर्फ आणून दिला तेव्हा मी तो आनंदाने घेतला. झोपण्याआधी निखारे राखेखाली कसे पुरायचे, सकाळी तेच फुंकून कसे पेटवायचे, तेही त्याने दाखवले. जुन्या घरांत एकच विस्तव पिढ्यान्पिढ्या राखला जाई, असे तो म्हणाला.

ते ऐकल्यावर स्लीव्हमोर या ओसाड गावात जाणे मला फार जड गेले. स्लीव्हमोर डोंगराच्या दक्षिण उतारावर सुमारे मैलभर पसरलेली 80 ते 100 घरे आहेत. एकावरही छप्पर नाही. काही भिंतींत गुरे बांधायच्या जागा अजून दिसतात. माणसे एका टोकाला, गुरे दुसऱ्या टोकाला, एकाच आढ्याखाली. जर्मन कादंबरीकार हाइनरिश ब्योल 1950 च्या दशकात या बेटावर येऊन राहिले आणि 1957 च्या आपल्या आयर्लंडवरील पुस्तकात त्यांनी या गावावर लिहिले. आजूबाजूच्या उतारावर बटाट्याचे जुने वरंबे गवताखालूनही स्पष्ट दिसतात.

इथल्या कुळांचे धान्य आणि जनावरे खंडापायी जात आणि पोट बटाट्यावर भरे. 1845 मध्ये त्या बटाट्यावर करपा पडला आणि पुढची काही वर्षे तो पुन्हा पुन्हा आला. आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली, आणखी दहा लाख देश सोडून गेली. त्याच काळात धान्य आणि गुरे बंदरांतून बाहेर जातच होती. म्हणून याला नुसती नैसर्गिक आपत्ती म्हणायला मी तयार नाही.

स्लीव्हमोर एका रात्रीत उठले नाही. लोक हळूहळू समुद्राकाठी सरकले, नंतरही उन्हाळ्यात गुरे चारायला वर येत राहिले. पण बाहेर जाण्याची वाट एकदा पडली ती पडलीच. अमेरिकेला निघालेल्या मुलाच्या घरी आदल्या रात्री सारे गाव जमे आणि प्रेताजवळ जागावे तसे जागे, कारण तो परतणार नाही हे सर्वांना ठाऊक असे. जवळ जाणारे स्कॉटलंडला जात, तेही दुसऱ्यांच्या शेतातले बटाटे काढायला. सप्टेंबर 1937 मध्ये किर्किंटिलॉख इथे मजुरांच्या झोपण्याच्या खोपटाला आग लागून अकिलचे 10 तरुण मुलगे जळून मेले. त्यांचे मृतदेह रेल्वेने परत आणले, आणि त्याच वर्षी बेटाकडे येणारी ती रेल्वेही बंद झाली.

माझे माहेर संगमेश्वरकडचे. गडग्याआड कुलूप लावलेली घरे, मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चाललेली म्हाताऱ्यांची चूल, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. पण कोकणातल्या त्या कुलपाची किल्ली कुणाकडे तरी असते, गणपतीत ते उघडते. स्लीव्हमोरच्या घरांना दारेच उरलेली नाहीत.

शांतता मला मिळाली, ती सुंदर होती हे मी नाकारणार नाही. फक्त ती निसर्गाने दिलेली नव्हती. इथे मुले रडत होती, गुरे हंबरत होती, आयरिश भाषेत भांडणे होत होती. ते सगळे थांबले म्हणून मला ती भाड्याने मिळाली.

तुम्ही अकिलला गेलात तर समुद्राचे फोटो काढण्याआधी एक सकाळ स्लीव्हमोरच्या वाटेने चाला. चालताना हे आकडे आठवा: 1841 च्या जनगणनेत मेयो काउंटीत जवळपास 3 लाख 89 हजार माणसे होती. 2022 मध्ये ती सुमारे 1 लाख 38 हजार भरली.