भिंतीवरची बोटं

"चित्रांचं प्रदर्शन कुठं भरतं?" असं मी एकदा माझ्या चौथीच्या वर्गाला विचारलं. "नागपूरला!", "मुंबईला!" अशी उत्तरं आली. आपल्या गावाचं नाव काही कुणी घेतलं नाही.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात शिकवते. इथं चित्रांचं दालन नाही, संग्रहालय नाही. पण डोळे उघडे ठेवून घरापासून शाळेपर्यंत चालत या, म्हणजे बघा काय काय दिसतं ते!

घरातलं सूपच घ्या. त्याचा काठ तीन बाजूंनी उचललेला असतो आणि चौथी बाजू उघडी असते. असं का बरं? तर पाखडताना दाणे मागे राहतात आणि हलका कोंडा उघड्या बाजूनं उडून जातो. तिथंही काठ असता तर कोंडा आतच अडकला असता. बांबूच्या पातळ पट्ट्या वर-खाली गुंफताना जी नक्षी उमटते, तिच्यामुळं सूप मजबूत होतं आणि दिसतंही छान. बुरडानं ती कागदावर आखलेली नसते. ती त्याच्या बोटांत असते.

शाळेचं दार घ्या. त्याची एक बाजू बिजागरीला बांधलेली, म्हणून उघडताना दुसरी बाजू गोल फिरते. तिथं फरशीवर ३०, ६०, ९० अंशांच्या खुणा रंगवल्या की झाला कोनमापक! शाळेची इमारतच शिकण्याचं साधन करायची ही कल्पना दिल्लीच्या 'विन्यास' संस्थेतल्या वास्तुरचनाकारांनी 'बाला' या नावानं मांडली. तिला पैसा थोडाच लागतो. नजर मात्र लागते.

पण मला खरं सांगायचंय ते भिंतींबद्दल.

आपल्या शेजारी बालाघाट जिल्हा, आणि त्याच्याही पलीकडे मंडला आणि दिंडोरी. तिकडच्या गोंड-परधान घरांतल्या बाया मातीच्या भिंतींवर आणि अंगणात पांढऱ्या, पिवळ्या, लाल मातीनं नक्षी काढतात. तिला 'डिगना' म्हणतात. तिथल्या पाटनगढ गावात जनगढसिंह श्याम नावाचा एक तरुण होता. १९८१ च्या सुमारास भोपाळला 'भारत भवन' उभं राहत होतं. त्यासाठी चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी खेडोपाडी माणसं पाठवली होती. त्यांना एका घराच्या भिंतीवर जनगढचं चित्र दिसलं. त्याला भोपाळला बोलावलं, कागद आणि रंग दिले. १९८९ साली त्याची चित्रं थेट पॅरिसच्या प्रदर्शनात लागली! पुढं भोपाळच्या विधान भवनाच्या भिंतीही त्यानं रंगवल्या. २००१ साली तो गेला, पण त्याच्या मागं गावातली कितीतरी माणसं चित्रकार झाली.

मंडल्याकडच्याच दुर्गाबाई व्याम लहानपणी डिगना शिकल्या त्या आपल्या आजीकडून. २०११ साली आलेल्या 'भीमायन' या पुस्तकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट त्यांनी आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी चित्रांतून सांगितली. २०२२ साली दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली.

आपल्या विदर्भातही पाहा ना. गोंदियाहून वडसा, नागभीडमार्गे रेल्वे बल्लारशाहला जाते. बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन्ही स्थानकांच्या भिंतींवर स्थानिक कलाकारांनी ताडोबाचे वाघ आणि आदिवासी चित्रं रंगवली. २०१८ साली रेल्वेच्या सुशोभीकरणाच्या स्पर्धेत या स्थानकांना देशात पहिला क्रमांक मिळाला. ती चित्रं पाहायला तिकीट काढून कुठल्या दालनात जावं लागत नाही. डोक्यावर बोचकं घेऊन गाडीची वाट पाहणारी बाईही ती पाहते. सगळ्यांची कला म्हणतात ती हीच.

हे सगळं वर्गात सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी आजीपण भितीवर काढे." मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. आजी हसली आणि म्हणाली, "आता कोनत्या भितीवर काढू, बाई? सिमिटाच्या भितीवर माती धरतच नाही."

ऐकून मी गप्प झाले. मातीचं घर जाऊन पक्कं घर झालं, हे चांगलंच झालं. पावसाळ्यात गळणारं छप्पर कुणाला हवं असतं? पण घरासोबत आजीच्या बोटांतली नक्षीही जाणार का? ती कुठल्याच वहीत लिहिलेली नाही. आजी आहे तोवरच ती आहे.

मग एका शनिवारी आजीला आम्ही शाळेत बोलावलं. गेरू आणि पांढरी माती भिजवून त्यात डिंक मिसळला, आणि शाळेची बाहेरची भिंत तिच्या हवाली केली. डिंकामुळं रंग धरला! आजी तीन बोटांनी पट्टे ओढत होती आणि मुलं तिच्या मागून. माझ्या वर्गातला एक मुलगा नेहमी म्हणायचा, "बाई, मला चित्र येत नाही." त्याला दोन डोंगर आणि मधला सूर्य काही जमायचा नाही. अहो, आमच्या गावातून तसे डोंगर दिसतच नाहीत! त्या दिवशी त्यानं बांधीत वाकून रोवणं करणाऱ्या बायांची रांग काढली, आणि शेवटी एक उंच सारस. "ही माझी आई," तो एका बाईकडं बोट दाखवून म्हणाला. आता त्याची आई कामावर जाताना त्या भिंतीपाशी क्षणभर थांबते.

तेव्हा मुलांनो, या आठवड्यात एक करा. रोज हाताळता अशी एक वस्तू निवडा आणि तिचा आकार असाच का, ते शोधा. आणि आजीला, आजोबांना विचारा, तुमच्या लहानपणी भिंतीवर, अंगणात काय काढायचे? नुसतं विचारू नका, त्यांच्याकडून काढून घ्या आणि स्वतःही काढा.

पालकांनो, नव्या घराची निदान एक हातभर भिंत मुलांसाठी राखून ठेवा. थोडी मळेल, पण मळू द्या.

आणि हो, तुमच्या आजीनं काय काढलं, ते आम्हाला जरूर कळवा!