जमिनीआधी रंगाचा दाखला

माझा आतेभाऊ सध्या कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोजवळ घर घेत आहे. तो अद्याप भारतीय नागरिक आहे. गेल्या महिन्यात त्याने कागदपत्रांची यादी पाठवली: पासपोर्ट, व्हिसा, सोशल सिक्युरिटी क्रमांक, कर भरल्याचे पुरावे. तक्रार एकच होती. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे आहे, बँकेच्या कागदावर ते गळाले आहे, आणि त्यामुळे एकाच माणसाची दोन माणसे झाली आहेत! मी ती यादी दोनदा वाचली. माझे लक्ष तिच्यात नसलेल्या एका रकान्याकडे होते. आजचा धागा त्या रकान्याविषयी.

मित्रहो, १७९० च्या अमेरिकी कायद्याने परदेशात जन्मलेल्यांपैकी केवळ 'मुक्त गोऱ्या' व्यक्तींना नागरिकत्वाची वाट खुली ठेवली होती. १८७० साली त्यांत आफ्रिकी वंशीयांची भर पडली. पुढे १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने या अटीला जमीन जोडली. 'नागरिकत्वास अपात्र' अशा परकीयाला शेतजमीन विकत घेता येणार नाही, भाडेपट्टाही तीन वर्षांपलीकडे करता येणार नाही. १९२० साली भाडेपट्ट्याची ती वाटही बुजवली गेली. कायद्यात जपान्यांचे नाव कोठेही नव्हते. रोख मात्र त्यांच्यावरच होता. भारतीयांचे काय, याचे उत्तर त्या त्या न्यायाधीशावर अवलंबून असे. कोणी त्यांना गोरे मानी, कोणी न मानी.

हा गोंधळ १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवला, तो भारतीयांच्या विरुद्ध. भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात राहिलेले शीख गृहस्थ. वंशशास्त्राच्या आधारे आपण 'कॉकेशियन' ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने शास्त्र बाजूला ठेवले आणि सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असा निर्वाळा दिला. (तीनच महिन्यांपूर्वी, ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला नाकारताना, याच न्यायालयाने 'कॉकेशियन' या शब्दाचा आधार घेतला होता. हा विरोधाभास मला अजूनही पचत नाही.)

निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वाची प्रमाणपत्रेही परत घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई १९२१ मध्ये नागरिक झाले होते. तो कागद गेला, त्याबरोबर मालमत्तेचा हक्क गेला. भारतात जाण्यासाठी अमेरिकी पासपोर्टही नाकारला गेला. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. आता मी घरही विकत घेऊ शकत नाही, ही व्यथा त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात होती.

सखाराम गणेश पंडित हे नाव वाचून मराठी माणसाचे कान टवकारतात. जन्म मात्र अहमदाबादचा. लॉस एंजेलिसचे हे वकील १९१४ मध्ये नागरिक झाले होते. त्यांचे प्रमाणपत्र गेले असते तर वकिली गेली असती, आणि १९२२ च्या कायद्यानुसार त्यांच्या अमेरिकी पत्नीचे नागरिकत्वही धोक्यात आले असते. ते न्यायालयात लढले आणि १९२६ मध्ये अपिलातही जिंकले. बगाईंच्या मृत्यूला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता.

इंपीरियल व्हॅलीतल्या पंजाबी शेतकऱ्यांजवळ असे प्रमाणपत्र बहुधा नव्हतेच. त्यांनी जमिनी ओळखीच्या गोऱ्यांच्या नावे ठेवल्या. त्यात केवळ विश्वासाचा आधार होता आणि तो कधी कधी तुटे. पुढे मेक्सिकन पत्नींपासून झालेली मुले उपयोगी आली, कारण ती अमेरिकेत जन्मलेली, म्हणून जन्मानेच नागरिक. शेत कसणारा बाप, आणि खरेदीखतावर शाळकरी मुलाचे नाव!

१९४६ साली भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जमीन कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि १९५६ मध्ये मतदारांनी तो पुस्तकातूनही काढला.

आतेभावाला मी हे सारे सांगितले नाही. त्याला बँकेची घाई होती. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे करून घे, आणि जुना पासपोर्ट टाकू नकोस, एवढेच कळवले.