अर्धे वाक्य, अर्धी क्षमा

संजय मांजरेकरांनी रवींद्र जडेजाची माफी मागितली, हे वाक्य आमच्या नाशिकच्या क्रिकेटवेड्या तरुणांकडून आम्ही इतक्यांदा ऐकले आहे, की ते पडताळून पाहावे असे कोणाच्या मनातही येत नाही. आम्हांला मात्र तशी इच्छा झाली. आणि वाचकहो, प्रकरण थोडे निराळे निघाले.

इंग्लंडमधील २०१९ सालची विश्वचषक स्पर्धा. जुलैच्या आरंभी भारतीय संघनिवडीविषयी बोलताना समालोचक मांजरेकर म्हणाले की, ‘बिट्स अँड पीसेस’ खेळाडू आपल्याला फारसे रुचत नाहीत आणि कारकिर्दीच्या या टप्प्यावर, पन्नास षटकांच्या खेळात, जडेजा तसा आहे. कसोटीत तो निखळ गोलंदाज आहे. एकदिवसीय सामन्यात मात्र आपण एक फलंदाज व एक फिरकी गोलंदाज घेऊ. या विधानाला दोन कुंपणे होती, एक काळाचे आणि दुसरे खेळाच्या प्रकाराचे. लोकांच्या तोंडी ते गेले तेव्हा दोन्ही कुंपणे मोडलेली होती. उरले ते ‘तुकडे’. इंग्रजी क्रिकेटमध्ये थोडी फलंदाजी, थोडी गोलंदाजी करणाऱ्यासाठी ही रूढ संज्ञा आहे. मराठीत तुकडे दारच्या कुत्र्याला घालतात! भाषांतराने शब्द तोच ठेवूनही घाव खोल केला.

३ जुलैला जडेजाने ट्विटरवर उत्तर दिले : आपण तुमच्या दुप्पट सामने खेळलो आहोत व अजून खेळत आहोत, ज्यांनी काही मिळवले आहे त्यांचा आदर करायला शिका. (मांजरेकरांचे एकदिवसीय सामने ७४.) पुढची उपमा कौटुंबिक त्रैमासिकात छापण्याजोगी नाही, पण ती गाळावी तर जडेजा उगीचच सौम्य ठरतो. तेव्हा लिहितोच : तुमची ‘वाचेची हगवण’ पुरे झाली.

१० जुलै, मँचेस्टर. न्यूझीलंडविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात सहा गडी ९२ धावांत गेलेले असताना जडेजा मैदानात उतरला आणि ५९ चेंडूंत ७७ धावा करून गेला. भारत १८ धावांनी हरला, तरी दिवस त्याचा होता. अर्धशतकानंतर त्याने समालोचन-कक्षाकडे पाहून बॅट तलवारीसारखी फिरवली. सामन्यानंतर मांजरेकरांनी मोकळेपणाने कबूल केले की, निखळ तेजाच्या ‘तुकड्यांनी’ त्याने आपल्याला सर्व बाजूंनी फाडून काढले. स्वतःचाच शब्द त्यांनी स्वतःवर उलटवून घेतला; हे सोपे नव्हे. मात्र, हा नेहमी दिसणारा जडेजा नव्हे, असेही ते त्याच दमात म्हणाले.

आणि माफी? ‘मला माफी मागायला हवी,’ हे शब्द त्यांनी उच्चारले, यात शंका नाही. त्यापुढचे वाक्य असे : तो मला शोधत होता आणि मी तिथे नव्हतो, आत सहकाऱ्यांबरोबर जेवत होतो. म्हणजे शब्दशः पाहता माफी जागेवर नसल्याची होती, मूळ मताची नव्हे. तिच्यात मिस्कीलपणा होता, कदाचित खरी खंतही असेल. परंतु मांजरेकरांनी मत मागे घेतले, असे त्यावरून लिहिता येत नाही. टीका जशी अर्धीच पोहोचली, तशीच क्षमाही.

मार्च २०२० मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या समालोचकांतून मांजरेकरांना वगळण्यात आले. जडेजावरच्या टीकेपायीच ते घडले, असे आमचे तरुण ठामपणे सांगतात. मंडळाने तसे कारण जाहीर केले नाही; म्हणून आम्हीही इथे फक्त तारीख लिहितो.