लढवय्याचा चषक

कोल्हापूरला जाऊन आलो म्हटले की आपल्याकडे तीन प्रश्न ठरलेले असतात. अंबाबाईचे दर्शन झाले का, तांबडा-पांढरा रस्सा चापला का, आणि आमच्यासाठी गूळ आणला का? या तिन्ही परीक्षांत मी यंदा उत्तीर्ण झालो. पण गेलो होतो तो चौथ्याच कामासाठी. माझी थोरली बहीण कोल्हापुरात मंगळवार पेठेत दिलेली आहे आणि तिचा धाकटा मुलगा फुटबॉल खेळतो. 'मामा, या टायमाला मॅच बघायला यायचंच,' असा त्याने टेलिफोनवरून धोशा लावला होता. शेवटी फेब्रुवारीत एका रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली.

कोल्हापूर म्हणजे कुस्ती, एवढे आपण मुंबईकर जाणतो. पण तिथल्या फुटबॉल संघांची नावे ऐका: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम! तालीम म्हणजे लाल माती, जोर, बैठका आणि शड्डू. तिथे हा चेंडू कुठून शिरला? तर पेठेतली जी पोरे सकाळी तालमीत अंग कमावीत, तीच संध्याकाळी चेंडूमागे धावू लागली. तालमीचा अभिमान मात्र तोच राहिला, फक्त लंगोट जाऊन बूट आले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन या साऱ्या खेळाचा कारभार पाहते. 2022 साली जागतिक फुटबॉल स्पर्धा कतारमध्ये झाली, पण मेस्सी आणि नेमार यांचे माणसाच्या तिप्पट उंचीचे फलक कोल्हापूरच्या चौकाचौकांत उभे होते.

दाजी मला शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. तासभर आधी जाऊनही पायऱ्यांवर बसायला वीतभर जागा मिळाली, तीही दाजींच्या ओळखीने. सामना कोणत्या दोन संघांत झाला ते सांगत नाही, कारण मला पुन्हा कोल्हापूरला जायचे आहे. आमचा भाचा बचाव फळीत होता. पूर्वार्धातच त्याचा गुडघा फुटला. रुमाल बांधून तो पुन्हा उतरला आणि रेषेवरून एक चेंडू त्याने असा काही परतवला की शेजारचे अनोळखी गृहस्थ माझ्या गळ्यात पडले. तरीही आम्ही एकाविरुद्ध तीन गोलांनी हरलो.

मग बक्षिसे. दोन गोल करणारा विजयी संघाचा फॉरवर्ड 'सामनावीर' ठरला. त्यानंतर कर्ण्यावरून आमच्या भाच्याचे नाव आले: 'लढवय्या'! ही कोल्हापूरची खास चीज आहे. पुष्कळ स्पर्धांत सामनावीराच्या जोडीने लढवय्याही निवडतात आणि हा मान बहुधा हरलेल्या बाजूच्या खेळाडूकडे जातो. मी टाळ्या पिटल्या. चिरंजीवांनी मात्र तो चषक औषधाची बाटली धरावी तसा धरला आणि खाली मान घालून ते मंडपाबाहेर पडले.

"अरे, तोंड का पाडलंस?" मी विचारले.

"हरल्यावर कसला लढवय्या, मामा? पोरगं रडाय नको म्हणून दिलेला पेढा हाय ह्यो."

त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी येईल असे तो बोलला, पण उत्तर द्यायची संधी मला मिळालीच नाही. पायऱ्यांवरची निम्मी गर्दी घरी न जाता तिथेच कोंडाळे करून उभी होती आणि वाद पेटला होता. बक्षीस ठरवतो कोण?

"स्टेजवरची ठरवत्यात," दाजी म्हणाले. "पाहुणं येणार इंटरव्हलला, फोटो काढणार, आणि शेवटचा गोल कुणी मारला तेवढं ध्यानात ठेवणार."

"आवो, जुनं खेळाडूबी असत्यात की बसल्यालं!"

"असू देत. गोल मारलेला दिसतो, गोल वाचवलेला दिसत न्हाई."

या शेवटच्या वाक्याला मोठी दाद मिळाली. एका कॉलेजकुमाराने तर थेट पॅरिस गाठले. 1956 पासून दिला जाणारा बॅलन डी'ओर पत्रकार मते देऊन ठरवतात. 2024 साली तो मधल्या फळीत ठाण मांडून खेळणाऱ्या रोद्रीला मिळाला, तर विनिसियसला डावलले म्हणून रेआल माद्रिदची मंडळी समारंभालाच गेली नाहीत. "म्हंजे तिकडंबी आपल्यासारखंच हाय म्हणा," असा निर्वाळा देऊन दाजींनी सर्व युरोपला मंगळवार पेठेच्या पंगतीत बसवले. मला 2014 चा मेस्सी आठवला. अंतिम सामना हरल्यावर स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला सुवर्णचेंडू मिळाला, तो घेताना त्याचा चेहरा हुबेहूब आमच्या भाच्यासारखा होता. हे मी भाच्याला सांगितले. तो एवढेच म्हणाला, "मग बघा की."

दाजींचे शेजारी आप्पा आमच्याबरोबर होते. वय पंच्याऐंशीच्या घरात, मोडलेले कान, आणि चालणे अजून पहिलवानी. ते म्हणाले, "चला, तालीमबाज पोरांना जरा मातीचा वास देऊ." स्टेडियमपासून खासबाग जवळच आहे. शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी रोमचे जुने प्रेक्षागार पाहिले आणि तशा धर्तीवर हे मैदान बांधवले. 1912 साली ते पुरे झाले. मधोमध आखाडा आणि सभोवार बशीच्या कडेसारखी चढत गेलेली जागा. कुठेही बसा, पहिलवानाची पाठ मातीला लागली की नाही हे दिसतेच. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट 2024 मध्ये आग लागली, त्याची आठवण काढताना आप्पांचा आवाज जरा बसला.

"कुस्तीत बरं असतं," भाचा म्हणाला. "चितपट झाली की वादच न्हाई."

आप्पा हसले. "वाद न्हाई? 2023 ला पुण्यात महाराष्ट्र केसरीला महेंद्र गायकवाड आन् सिकंदर शेख लढले. टांग लागली, पंचांनी महेंद्रला चार गुण दिले. सिकंदर आपल्या गंगावेस तालमीतला. महिनाभर कोल्हापुरात दुसरा विषय न्हवता! आन् खाशाबांचं काय?"

खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले इथल्या राजाराम कॉलेजात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकात ते सहावे आले. 1952 च्या हेलसिंकीसाठी निवड व्हायची वेळ आली तेव्हा एका गुणाच्या हिशेबावरून त्यांचे नाव मागे पडले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा कुस्ती लावून घेऊन ती जिंकली, असे सांगतात. पण जायला पैसे कुठे होते? गावोगाव वर्गणी निघाली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच वर्षी हॉकीचे सुवर्णही आले, साऱ्या देशाने हॉकीचा जयजयकार केला. खाशाबांची बैलगाड्यांतून मिरवणूक काढली ती आपल्या मुलखाने.

"अर्जुन पुरस्कार 1961 ला सुरू झाला," आप्पा म्हणाले. "खाशाबा गेले 1984 ला. तेवीस वर्षं होती सरकारच्या हातात. दिला कवा, तर ते गेल्यावर. आपल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये नेमबाजीत ब्राँझ मारलं, त्याला पुढच्या जानेवारीतच अर्जुन मिळाला. आता सांग, खाशाबांचं पदक काय त्या तेवीस वर्षांत हलकं झालं हुतं?"

भाचा काही बोलला नाही. नखाने चषकावरची चिकटपट्टी खरवडत राहिला.

तिथून आम्ही गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो. संध्याकाळी म्हशी ओळीने बांधलेल्या असतात आणि धार समोर काढून फेसाळ पेला हातात देतात. मी मुंबईकर, दूध म्हणजे पिशवीतून निघणारा पदार्थ असे समजणारा. अर्धा पेला कसाबसा संपवला. भाच्याने मात्र दोन रिचवले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घरी गेल्यावर आक्काने तो चषक देवघराशेजारी ठेवला, हळदकुंकूही वाहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला पोचवायला दाजी स्टेशनावर आले. गाडी सुटायला पाच मिनिटे असताना चिरंजीव लंगडत धावत आले.

"निघताना देवघरापाशी कप दिसला नाही रे," मी म्हणालो.

"दिला की."

"दिलास? कुणाला?" दाजी ओरडले.

"गोलकीपरला."

"त्याला? तीन गोल खाल्लं त्यानं!"

"आन् आठ अडवलं, ते कुणी मोजलं?"

"आठ? सहाच हुतं," माझी बॅग डब्यात ठेवणारा हमाल म्हणाला. "मी हुतो मॅचला. आन् तिसरा गोल त्याच्या चुकीचाच."

"चुकीचा कसा? बॅकनं आडवा पाय घातला म्हणून चेंडू वळला," दाजी हमालाकडे वळले.

"बॅक म्हंजे मीच की!" भाचा म्हणाला.

गाडी हलली. मी खिडकीतून हात हलवला, पण तिघांपैकी एकाचेही माझ्याकडे लक्ष नव्हते. दाजींनी फलाटावरच चपलेच्या टोकाने गोलपोस्ट आखायला घेतले होते, आणि हमाल माझ्याकडून पैसे घ्यायचे विसरला होता.